पोय

चौथ्या मिनिटाला टोक गेलं.
सकाळीच डबीतून काढलेलं इन्सर्ट,
नखाच्या कडेएवढा चुरा होऊन ट्रेमध्ये पडलं.
इनास मेस्तानं मशीन थांबवलं
आणि माझ्याकडे पाहिलं नाही.
आज तिसरं.

रासयच्या धक्क्यावर सव्वीस वर्षं
त्यानं बार्जींचे शाफ्ट कातले.
खाणी थांबल्या, बार्जी चिखलात कलंडून गंजल्या,
आणि तो इथे वेर्ण्याच्या सड्यावर आला,
ह्या राखी, हलक्या, हट्टी धातूपाशी.

"पोलाद भांडतं गो बाये," तो म्हणाला,
"पण भांडून मोकळं होतं.
ताप चिपेबरोबर उडवून देतं.
हे टायटॅनियम ताप कुणाला देत नाही.
सगळा पात्याच्या नाकावर आणून ठेवतं.
पातं आलं की दबतं, गेलं की परत वर.
कोर्टात चौदा वर्षं भाटाचा खटला चालवणारा
माझा चुलतभाऊ बघ, तस्सा."

दाराशी कोरड्या रेतीची बादली.
चिपेनं पेट घेतला तर पाणी घालायचं नाही, रेती.
नव्या पोरांना हे तो रोज विचारतो,
गडगड्यावर बसून कातिजम पाठ करून घेतल्यासारखं.

सोमवारी पेटी आली.
मी फळ्यावर रेघा काढून सांगितलं:
द्रवरूप नायट्रोजनची धार थेट धारेवर,
उणे एकशे शहाण्णव,
आणि पातं नुसतं सरकणार नाही,
थरथरेल. टेकेल, सुटेल, टेकेल,
एका सेकंदात वीस हजार वेळा.
"मोजणार कोण?" त्यानं विचारलं.
मग बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला.

"माझा बाप रेंदेर," तो म्हणाला.
एवढ्या वर्षांत घरचं काही पहिल्यांदाच बोलला.
"काळोखात माडावर चढायचा.
आधी पोय ठोकायचा, हाडाच्या तुकड्यानं,
झोपलेल्या पोराला थोपटतात इतकं हळू.
मग कातीनं चकती. कागदापेक्षा पातळ.
ठोकलं नाही तर सूर उतरत नाही.
जोर केला तर पोय मरते,
दामणं रिकामं.
मी एकदा जोर केला होता.
त्यानं मारलं नाही. खाली उतरून
मला लेथच्या शाळेत घातलं."

नळीवर पांढरं दव गोठलं.
वाफ टेबलावरून सांडून आमच्या बुटांवर आली.
इनासनं कान पुढे केला.
वर्षानुवर्षं कापाचा आवाजच त्याचा गेज:
कर्कशला फीड कमी, घोगऱ्याला टोक बदल.
आता काहीच नाही.
"बंद पडलं काय?"
मी त्याचा तळवा गार्डवर ठेवला.
मग तो काही बोलला नाही.

चिपा पडत होत्या, आखूड, रुपेरी.
ती जळकी निळी झाक नाही.
चार मिनिटं. नऊ. अठरा.
बाहेर पाळी बदलण्याचा भोंगा वाजला,
कुणीही हललं नाही.
एकतिसाव्याला मी थांबवलं.
भिंगाखाली टोक झिजलेलं होतं,
सगळीकडून सारखं, वापरलेल्या उंबऱ्यासारखं.
तुटलेलं नव्हतं.

हिशेब अजून जुळत नाही.
नायट्रोजन महाग, टाकी दर गुरुवारी रिकामी,
आणि वरच्या मजल्यावर विचारतात,
एका खुब्याच्या खुंटीसाठी एवढं?
मी आकडे पाठवते. ते आकडे परत पाठवतात.

पण त्या संध्याकाळी
इनासनं ती खुंटी फडक्यात पुसली,
दोन बोटांच्या चिमटीत अधांतरी धरली
आणि बोटाच्या पेरानं ठोकली. हळू.
थोपटतात इतकी.
बार्जींच्या हातोड्यांनी अर्धा गेलेला तो कान
अगदी जवळ नेला.

"आला," म्हणाला.
मी विचारलं, काय?

"सूर."